वाचकांचे प्रश्न : माळावरच्या शिबिरात ताई-दादा होताना

उन्हाळी सुट्टी जवळ आली की मुलांच्या निसर्ग शिबिरांत इंटर्न म्हणून काम करण्याविषयीची पत्रे येऊ लागतात. सोलापूर आणि आसपासच्या तालुक्यांतून आलेली अशी सहा पत्रे या अंकात एकत्र घेतली आहेत. मी स्वतः विद्यार्थिदशेत मदतनीस म्हणून आणि पुढे बरीच वर्षे गटप्रमुख म्हणून अशा शिबिरांत काम केले आहे. त्यामुळे पुढील उत्तरांत माहितीइतकाच त्या अनुभवाचाही आधार आहे.

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. दहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी मे महिन्यात होणाऱ्या एका निवासी निसर्ग शिबिरात इंटर्न म्हणून माझी निवड झाली आहे. शिबिर शहराबाहेर माळरानावर आहे. मला फार तर पंधरा-वीस पक्षी ओळखता येतात आणि गवतांची नावे तर मुळीच येत नाहीत. मुलांनी काही विचारले आणि मला उत्तर आले नाही तर काय करावे? शिवाय, इंटर्नचे नेमके काम काय असते?
(एक विद्यार्थिनी, जुळे सोलापूर)

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते नीट समजले की पहिला प्रश्न बराचसा सुटतो. पक्षी, कीटक आणि तारे यांची माहिती सांगण्यासाठी शिबिरात अनुभवी मार्गदर्शक असतात. इंटर्नच्या वाट्याला त्या माहितीच्या अलीकडचे आणि पलीकडचे सगळे काम येते. पहाटे पाचला मुलांना उठवणे, प्रत्येकाची पाण्याची बाटली हातात घेऊन ती खरोखर भरलेली आहे ना हे पाहणे, टोपी विसरलेल्याला परत पाठवणे, रांग चालवणे, जेवताना कोणाच्या ताटात भाकरी तशीच उरली आहे हे लक्षात ठेवणे आणि रात्री प्रत्येकाची मच्छरदाणी गादीखाली नीट खोचली आहे का ते वाकून तपासणे, अशी ही कामे असतात. मुले तुम्हाला ‘मॅडम’ म्हणणार नाहीत, ‘ताई’ म्हणतील. ताई म्हणवून घेणे म्हणजे काय, हे आपल्याकडच्या कोणत्याही मोठ्या बहिणीला सांगावे लागत नाही.

या सर्व कामांत सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे रांगेत शेवटी चालणे. पुढे मार्गदर्शक असतो, त्याच्यामागे उत्साही मुले असतात आणि शेवटी ती मुले असतात ज्यांच्या चपलेचा अंगठा तुटला आहे, ज्यांना लघवीला जायचे आहे पण सांगायची लाज वाटते, किंवा ज्यांना वाटेत असे काही दिसले आहे की पाय पुढे निघत नाहीत. माझ्या दुसऱ्याच शिबिरात मी शेवटी चालण्याऐवजी मार्गदर्शकाचे बोलणे ऐकण्यासाठी मध्ये सरकलो होतो. तीस मुले घेऊन आम्ही निघालो आणि विहिरीपाशी पोहोचल्यावर मोजली तेव्हा एकोणतीस भरली. त्या वेळी पोटात जो गोळा आला तो मी अजून विसरलेलो नाही. मुलगा सापडला तो अर्धा फर्लांग मागे, एका बांधाच्या आडोशाला, गुडघे टेकून बसलेला. भुसभुशीत मातीत नरसाळ्यासारखा खड्डा करून त्याच्या तळाशी दडून बसणारी, मागे मागे सरकत चालणारी एक अळी असते. खड्ड्याच्या उतारावर मुंगी घसरली की ही अळी खालून मातीचे कण उडवते आणि मुंगी पुन्हा तळाशी येते. तो मुलगा ते पाहत होता. आम्ही एवढ्या हाका मारल्या, त्या त्याला ऐकूच आल्या नव्हत्या. सुखरूप सापडला म्हणून ती गोष्ट आज सांगता येते. विहीर त्याच्या बाजूला असती आणि आम्ही पुढे गेलो असतो तर काय झाले असते, हा विचार त्यानंतरच्या प्रत्येक शिबिरात माझ्याबरोबर चालत आला आहे.

म्हणून मोजणीची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. निघताना, थांबा आला की, थांब्यावरून उठताना, गाडीत चढताना आणि उतरल्यावर मोजायचे. मुलांच्या दोन-दोनच्या जोड्या लावून द्याव्यात आणि प्रत्येकाने आपला जोडीदार दिसत नसेल तर लगेच ओरडून सांगायचे, एवढा एकच नियम ठेवावा. इतर नियम मुले विसरतात, हा विसरत नाहीत, कारण तो मित्राचा नियम आहे. साधारण आठ-दहा मुलांमागे एक मोठे माणूस असेल तर ही व्यवस्था सांभाळता येते. त्याहून अधिक मुले तुमच्या एकट्याच्या हाती दिली जात असतील तर ‘मला जमेल’ असे भिडेखातर म्हणू नका.

आता उत्तर न येण्याबद्दल. ‘मला माहीत नाही’ हे वाक्य मुलांसमोर स्वच्छपणे उच्चारावे आणि त्याला जोडून ‘आपण पाहू या’ असे म्हणावे. नंतर मात्र खरोखर पाहावे लागते. सोलापूरच्या माळावर मे महिन्यात पाहण्यासारखे काही नसते असा एक समज आहे. एकदा सकाळी सातच्या सुमारास आमच्या गटावर एक टिटवी आरडाओरडा करीत घिरट्या घालू लागली. ती एवढी का चिडली, असे एका मुलीने विचारले. मी उत्तर देण्याऐवजी सर्वांना पंचवीस-तीस पावले मागे नेले, खाली बसवले आणि दुर्बीण फिरवत ठेवली. पाचेक मिनिटांत टिटवी खाली उतरली, थोडी चालली, इकडेतिकडे पाहिले आणि उघड्या मुरमावर बसली. तेथे घरटे म्हणावे असे काहीच नव्हते. खडे जरा बाजूला सारून केलेला एक उथळ खळगा आणि त्यात निमुळती टोके आत करून ठेवलेली, मुरमाच्याच रंगाची, काळपट ठिपक्यांची चार अंडी होती. नंतर ती उठली, जवळच्या डबक्यात जाऊन पोटाची पिसे भिजवून आली आणि पुन्हा अंड्यांवर बसली. उन्हाळ्यात अंडी ऊब देण्यापेक्षा गार ठेवण्याची गरज असते, हे त्या मुलीने स्वतःच सांगितले. मी सांगितले असते तर ते तिच्या वहीत उतरले असते. तिने पाहिल्यामुळे ते तिचे झाले. त्यानंतर आम्ही लगेच निघालो, कारण पक्षी अंड्यांवरून उठून राहिला तर मे महिन्याच्या उन्हात ती अंडी थोड्या वेळातच खराब होऊ शकतात. कधी थांबावे आणि कधी निघावे, हे ठरवणे हाही ताईच्या कामाचाच भाग आहे.

प्रश्न : माझी मुलगी एकोणीस वर्षांची आहे. तिला निसर्ग शिबिरात तीन आठवडे काम करायचे आहे आणि त्यासाठी तेथेच मुक्काम करावा लागणार आहे. आम्ही तिला अडवू इच्छित नाही, परंतु काळजी वाटते. शिबिर चांगले आहे हे कसे ओळखावे?
(एक पालक, बार्शी)

उत्तर : आपली काळजी रास्त आहे आणि ‘अडवू इच्छित नाही’ हे आपण आधी लिहिले याचा मला विशेष आनंद वाटला. शिबिर चालवणाऱ्यांशी एकदा प्रत्यक्ष बोलावे आणि शक्य असल्यास मुलीसह जाऊन जागा पाहून यावी. मुलींची राहण्याची खोली वेगळी आहे का, तिला आतून कडी आहे का, स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या वाटेवर रात्री दिवा असतो का, रात्री मुक्कामाला जबाबदार स्त्री-कार्यकर्ती कोण असते, सर्वांत जवळचा दवाखाना किती दूर आहे आणि रात्री-अपरात्री गाडी उपलब्ध असते का, एवढे प्रश्न विचारले तरी पुष्कळ कळते. उत्तरे देणारी व्यक्ती चिडली किंवा ‘आमच्याकडे असे काही होत नाही’ एवढेच म्हणाली, तर मी स्वतः माझ्या मुलीला तेथे पाठवणार नाही. चांगले शिबिर चालवणाऱ्याने या गोष्टींचा विचार आपल्याआधीच केलेला असतो आणि त्या सांगताना त्याला बरे वाटते.

कायद्याची बाजूही मुलीला माहीत असावी. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा पगारी नोकरांप्रमाणेच प्रशिक्षणार्थींनाही संरक्षण देतो. जेथे दहा किंवा अधिक माणसे काम करतात तेथे तक्रारीसाठी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. ती समिती आहे का आणि तिच्यावर कोण आहे, हे विचारण्यात संकोच बाळगू नये. दुसरी बाब तिच्या हाताखालच्या मुलांची. बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा २०१२ चा ‘पॉक्सो’ कायदा असे सांगतो की असा गुन्हा घडल्याचे ज्याला कळते त्याने तो पोलिसांना कळवलाच पाहिजे. शिबिरातील लहान मुले वरिष्ठांपेक्षा ताईला आधी सांगतात, म्हणून ही जबाबदारी तिच्यावर येऊ शकते. मुलांसाठीचा मदतक्रमांक १०९८ आहे. शिबिरात कोणत्याही मोठ्या माणसाने एखाद्या मुलाबरोबर बंद खोलीत एकटे राहायचे नाही, हा नियम ज्या शिबिरात लिहून लावलेला असतो तेथे मुलेही सुरक्षित असतात आणि आपली मुलगीही.

शिबिरात दोरावरून उतरणे, कड्यावर चढणे किंवा बोट चालवणे असे साहसी प्रकार असतील तर आणखी एक चौकशी करावी. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले असून अशा उपक्रमांच्या आयोजकांनी नोंदणी करणे त्यात अपेक्षित आहे. नोंदणी दाखवा असे म्हणणे हा पालकांचा हक्क आहे.

प्रश्न : इंटर्नशिपसाठी मानधन मिळणार नाही, फक्त प्रमाणपत्र मिळेल असे सांगितले आहे. जावे का? महाविद्यालयाचे श्रेयांक मिळतात का?
(एक विद्यार्थी, पंढरपूर)

उत्तर : राहणे, जेवण आणि प्रवासखर्च तरी शिबिराने द्यायला हवा. तोही मिळणार नसेल आणि वर तुमच्याकडूनच ‘प्रशिक्षण शुल्क’ मागितले जात असेल तर जाऊ नका. श्रेयांकासाठी महाविद्यालयाची संमती काम सुरू होण्यापूर्वी लेखी घ्यावी, नंतर धावाधाव करून ती मिळत नाही. प्रत्यक्ष कामाचे साधारणपणे ३० तास म्हणजे एक श्रेयांक असा हिशेब असतो, म्हणून रोजचे तास आणि काम वहीत नोंदवून त्यावर शिबिरप्रमुखांची सही घेत चला. मानधन थोडे का होईना, पण मिळावे असे माझे ठाम मत आहे. पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत मुलांची जबाबदारी सांभाळणाऱ्याच्या श्रमाला किंमत नाही असे मानणारी संस्था मुलांच्या सुरक्षिततेवर तरी खर्च करीत असेल का, अशी शंका मनात येते.

प्रश्न : आमची मोहोळ तालुक्यात शेती आहे. मी कला शाखेचा पदवीधर आहे. लहानपणापासून मेंढरांमागे माळावर फिरलो आहे, त्यामुळे कोल्हा, खोकड, लांडगा, काळवीट यांच्या वाटा मला माहीत आहेत. परंतु पक्ष्यांची इंग्रजी नावे येत नाहीत आणि शहरातल्या मुलांसमोर बोलण्याची भीती वाटते. मला कोणी घेईल का?
(एक वाचक, मोहोळ तालुका)

उत्तर : आपल्याला घेणार नाही ते शिबिर आपल्या योग्यतेचे नाही, असे मी मनापासून म्हणतो. इंग्रजी नावे पुस्तकात मिळतात आणि आठवडाभरात पाठही होतात. लांडगा मेंढरांच्या कळपाकडे वाऱ्याच्या कोणत्या अंगाने येतो, हे मात्र ज्याने रात्री वाघरीशेजारी, म्हणजे मेंढरांभोवतीच्या जाळीच्या कुंपणाशेजारी, जागून काढल्या आहेत त्यालाच सांगता येते.

मारुती चितमपल्ली यांचा जन्म १९३२ मध्ये सोलापुरातच झाला. वन खात्यात आयुष्य घालवताना त्यांनी आदिवासी, पारधी आणि गुराखी यांच्याकडून प्राण्या-पक्ष्यांची नावे व त्यांच्याविषयीचे ज्ञान वेचून मराठीत आणले आणि २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी ज्यांच्याकडून शब्द घेतले ती माणसे आपल्यासारखीच होती. माळावर एक छोटा चंडोल असतो. तो उंच चढतो, दगडासारखा खाली येतो आणि जमिनीला टेकणार असे वाटत असतानाच पुन्हा वर उसळी घेतो. त्याला आपण डोंबारी चंडोल म्हणतो. हे नाव एकदा ऐकलेले मूल तो पक्षी जन्मभर ओळखेल, कारण नावातच त्याची कसरत आहे.

एक गोष्ट मात्र आपण मुलांना अवश्य सांगावी, कारण ती आपल्या तोंडून अधिक खरी वाटेल. सरकारी दप्तरात आणि आपल्याही बोलण्यात माळाला सहज ‘पडीक’ म्हटले जाते. जेथे झाड नाही तेथे काही नाही, असे शहरातल्या मुलांना शिकवलेले असते आणि म्हणून ती माळावर आली की पहिल्या दिवशी ‘जंगल कुठे आहे?’ असे विचारतात. सोलापूरपासून वीसेक किलोमीटरवर नान्नजला १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झाले ते या उघड्या गवताळ जमिनीसाठीच. माळढोकाची मादी बहुधा एकच अंडे घालते आणि तेही उघड्या जमिनीवर. गवत नांगरले गेले, वीजवाहक तारा आल्या, उघड्या माळावर झाडे लावली गेली आणि हा पक्षी आता आपल्या भागात अगदी मोजका उरला आहे. म्हणून ‘आज माळढोक दाखवतो’ असे आश्वासन मुलांना कधीही देऊ नका आणि शिबिराच्या जाहिरातीत तसे छापले असेल तर ते बदलायला सांगा. अभयारण्यात वन खात्याच्या परवानगीशिवाय जाता येत नाही, हेही मुलांना आधीच माहीत असावे. त्याऐवजी गवताकडे नेऊन बसवावे. कुसळीचे काटे मोज्यात घुसले की मुले कुरकुरतात, त्या वेळी एक कुसळ काढून ओल्या बोटावर ठेवायला सांगावे. ओल लागताच ते हळूहळू पिळा सोडत फिरू लागते. पहिल्या पावसात हेच कुसळ स्वतःला जमिनीत फिरवून बी पेरते, हे तळहातावर पाहिल्यावर कोणीही मूल माळाला पडीक म्हणत नाही.

बोलण्याच्या भीतीबद्दल एवढेच सांगतो की आपण उभे राहून भाषण करू नये. चालता चालता, शेजारच्या दोन मुलांना सांगावे. बाकीची आपोआप जवळ येतात.

प्रश्न : मागील वर्षी मी इंटर्न म्हणून काम केले. एका मुलीला चक्कर आली तेव्हा आम्ही सगळेच गोंधळलो. या वर्षी पुन्हा जाणार आहे. ऊन, साप, विंचू आणि वळवाचा पाऊस या बाबतीत इंटर्नने नेमके काय करावे?
(एक वाचक, अक्कलकोट)

उत्तर : आपला प्रश्न या सर्व पत्रांत सर्वाधिक महत्त्वाचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. हे प्रथमोपचाराच्या प्रशिक्षणाला पर्याय नाही. ते प्रशिक्षण शिबिरापूर्वी घ्यायलाच हवे.

सोलापूरला मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असणे ही नेहमीची गोष्ट आहे. म्हणून बाहेरचा कार्यक्रम सकाळी साडेपाच ते साडेआठ आणि संध्याकाळी पाचनंतर एवढाच ठेवावा. ‘थोडेच राहिले आहे’ म्हणून नऊनंतर पुढे चालत राहणारा मार्गदर्शक कितीही विद्वान असला तरी त्याला थांबवण्याचे धैर्य इंटर्नकडे असले पाहिजे. मुले तहान लागेपर्यंत पाणी पीत नाहीत, त्यामुळे दर वीस मिनिटांनी सर्वांना एकाच वेळी चार घोट प्यायला लावावे. डोके दुखणे, घाम फुटणे, मळमळ, पायात गोळे येणे असे काही दिसले की त्या मुलाला सावलीत निजवावे, पाय थोडे उंच ठेवावेत आणि ओआरएसचे पाणी घोटाघोटाने द्यावे. एक पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण मिसळावे, अर्धे पाकीट बाटलीत टाकण्याची चूक फार होते. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ चालते. मात्र मूल असंबद्ध बोलू लागले, चालताना झोकांड्या देऊ लागले, किंवा अंग भाजल्यासारखे तापून शुद्ध हरपू लागली तर तो उष्माघात आहे. अशा वेळी १०८ ला फोन करायचा आणि गाडी येईपर्यंत वाट न पाहता अंगावर पाणी ओतत, ओले कापड फिरवत, वारा घालत शरीर थंड करीत राहायचे. शुद्ध नसलेल्या मुलाच्या तोंडात पाणी घालायचे नाही. गेल्या वर्षी आपण गोंधळलात त्याचे कारण बहुधा हे असावे की कोणी काय करायचे ते आधी ठरलेले नव्हते. एकाने मुलाजवळ थांबायचे, एकाने फोन करायचा आणि एकाने बाकीच्या मुलांना तेथून दूर नेऊन मोजायचे, अशी वाटणी पहिल्याच दिवशी करून ठेवावी.

आपल्या भागात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही प्रमुख विषारी साप आढळतात. मण्यार रात्री फिरते आणि तिचा दंश अनेकदा दुखतही नाही, झोपेत चावली तर मुलाला कळतही नाही. यासाठीच जमिनीवर झोपताना मच्छरदाणी गादीखाली खोचण्याचा एवढा आग्रह मी वर धरला. पहाटे मूल पोटात दुखते म्हणू लागले, पापण्या जड होऊन मिटू लागल्या किंवा गिळता येईनासे झाले, तर ‘काल जास्त खाल्ले असेल’ असे म्हणून सोडून देऊ नका. सर्पदंश झाला तर कापणे, चोखणे, करकचून बांधणे यांपैकी काहीही करायचे नाही. हातापायातील कडे, अंगठी, दोरा काढून टाकावा, तो अवयव फळीच्या आधाराने हलणार नाही असा ठेवावा, मुलाला चालू न देता उचलून गाडीत घ्यावे आणि जेथे प्रतिसर्पविष उपलब्ध आहे अशा सरकारी रुग्णालयात न्यावे. ते कोठे उपलब्ध आहे याची चौकशी शिबिर सुरू होण्याच्या आदल्या दिवशी फोन करून करावी. सापाला पकडण्यात किंवा मारण्यात वेळ घालवू नये. भारतात दिले जाणारे प्रतिसर्पविष या चारही सापांवर चालते, त्यामुळे साप बरोबर नेण्याची गरज नसते.

विंचवासाठी सकाळी बूट आपटून घालण्याची सवय लावावी. लाल विंचवाचा दंश लहान मुलांच्या हृदयावर परिणाम करू शकतो. त्यावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी दाखवून दिला आणि त्यामुळे कितीतरी मुले वाचली. दंशानंतर खूप घाम, उलट्या आणि हातपाय गार पडणे ही लक्षणे दिसली तर मंत्र-उताऱ्यात एक मिनिटही घालवू नये.

वळवाचा पाऊस माळावर फार वेगाने येतो. दुपारी तीन-साडेतीनपर्यंत आभाळ कोरडे असते आणि तासाभरात पश्चिमेला काळी भिंत उभी राहते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे ॲप वीज जवळ पडत असल्याचा इशारा देते, ते गटप्रमुख आणि इंटर्न यांच्या मोबाईलमध्ये असावे. परंतु माळावर रेंज असेलच असे नाही. गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज आपल्यापर्यंत पोहोचू शकते, असे समजून सर्वांना पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत घ्यावे. एकट्या बाभळीखाली किंवा पत्र्याच्या उघड्या शेडखाली थांबू नये. शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. मुले भिजायला उत्सुक असतात आणि पहिल्या पावसाच्या वासाने मोठ्यांचाही निश्चय ढळतो, हे मी पाहिले आहे. त्या अर्ध्या तासात दाराशी कोणीतरी उभे राहावेच लागते.

प्रश्न : सकाळ-संध्याकाळ बाहेर जाता येते हे ठीक, पण अकरा ते साडेचार मुलांना काय द्यावे? मागच्या शिबिरात आम्ही त्यांना निसर्गावरचे व्हिडिओ दाखवले आणि निम्मी मुले झोपी गेली.
(एक इंटर्न, सोलापूर)

उत्तर : ती झोपली ही चांगली गोष्ट झाली. पहाटे पाचला उठलेल्या मुलांना दुपारी तासभर सक्तीने पडू द्यावे, त्या वेळी ताई-दादांनीही पाठ टेकावी. उरलेल्या वेळेसाठी व्हिडिओची गरज नाही. सकाळी पाहिलेले वहीत काढणे हे काम घाई न करता केले तर दीड तास सहज पुरते. नाव लिहायचे नाही, फक्त चित्र आणि ‘मी काय पाहिले’ अशी चार वाक्ये, असे सांगावे. चित्र वाईट आले म्हणून रडणारे एक मूल प्रत्येक गटात असते. त्याच्या शेजारी बसून आपणही आपले चित्र काढावे. गळून पडलेली पिसे, अंडी, घरटी मुले उचलून आणतात, ती जागच्या जागी परत ठेवायला लावावीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्य पक्ष्यांची अंडी आणि घरटी घेणे गुन्हा आहे, हे त्यांना समजावून सांगितले की ती इतरांनाही बजावतात.

आणि आपले शिबिर मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात असेल तर एक दुपार मुळीच चुकवू नका. सोलापूर साधारण १७.७ उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे १० मेच्या आगेमागे सूर्य येथे भर मध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो. घड्याळात तेव्हा बारा वाजलेले नसतात, सव्वाबारा ते साडेबाराच्या दरम्यानची ती वेळ असते. व्हरांड्यालगत, अंगणातील सपाट फरशीवर पाण्याचा स्टीलचा पेला पालथा ठेवावा आणि अकरापासून दर पंधरा मिनिटांनी एकेका मुलाने धावत जाऊन त्याच्या सावलीचे टोक खडूने आखून परत यावे. बाकीच्यांनी सावलीतच बसायचे. आधी सावली पश्चिमेकडे लांब असते, मग आखूड होत येते आणि बारा वाजून गेले की मुले आपोआप कुजबुजू लागतात. सव्वाबारानंतर सर्वांना टोप्या घालून दहा मिनिटांसाठी बाहेर आणावे. पेल्याची सावली त्याच्या बुडाखाली जाऊन नाहीशी होते आणि मुले आपल्या पायांकडे पाहू लागतात, कारण त्यांची स्वतःची सावलीही तळव्यांभोवती गोळा झालेली असते. एका मुलाने तेव्हा उडी मारून पाहिली होती, तर सावली त्याच्याबरोबर वर आली नाही, जमिनीवरच गोल डागासारखी राहिली. मग सगळ्यांनीच उड्या मारल्या. त्या दिवसानंतर जुलैअखेरपर्यंत मध्यान्हीचा सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो आणि दुपारची सावली दक्षिणेला पडते. हे त्यांना तेथेच सांगू नका, दोन आठवड्यांनी घरी जाऊन पाहायला सांगा आणि पोस्टकार्डावर कळवा म्हणावे. दहा मिनिटे झाली की शिट्टी वाजवून सर्वांना आत घ्यावे, पाणी पाजावे आणि मोजावे.